ग्लासगोतली जळकी पोथी

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला शेजारीपाजारी विचारतात, काय काय पाहिलंत. राणीचा राजवाडा पाहिला का, ते मोठं घड्याळ पाहिलं का. मी दोन्ही पाहिलं नाही. मी सहा आठवडे राहिले आणि हातभर लांबीचं, एका बाजूने जळलेलं एक पान पाहून आले. त्यासाठी नॉटिंगहॅमहून पार ग्लासगोला जावं लागलं. परत आल्यापासून त्याबद्दल कोणाशी धड बोलले नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही मराठी ख्रिस्ती. आमचे पणजोबा कुडमुडे जोशी होते. हातातलं कुडमुडं वाजवत दारोदार जायचं, पंचांग उघडायचं, लोकांचं भविष्य सांगायचं आणि पसाभर धान्य घेऊन पुढच्या दारी जायचं, हा त्यांचा धंदा. मराठवाड्यातल्या आमच्या गावात एका स्कॉटिश पाद्रीसाहेबाच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याच दिवशी सगळ्या गावासमोर आपल्या पोथ्या जाळल्या. ही गोष्ट आमच्या चर्चमध्ये दरवर्षी सांगतात. प्रेषितांच्या काळात इफिस शहरातल्या जादूगारांनी आपली पुस्तकं चौकात आणून जाळली होती, तसेच आमचे पणजोबा, असं पाळकसाहेब म्हणतात आणि मंडळी माना डोलावते. शब्बाथशाळेत असताना आम्ही या प्रसंगाचं नाटक बसवलं होतं. त्यात मी ज्वाळा झाले होते.

ते पाळकसाहेब म्हणजे माझा थोरला भाऊ. आता निवृत्त आहे, पण गोष्ट अजून तोच सांगतो. मी त्याला दादा म्हणते. पाळक होण्यासाठी सेमिनरीत शिकून घरी आला त्या पहिल्याच नाताळात त्याने आईची वही जाळली. आई जात्यावर स्वतः रचलेल्या ओव्या म्हणायची. गावात गिरणी आली, दळण थांबलं, गाणंही थांबलं, तेव्हा विसरून जायला नको म्हणून तिने त्या वहीत उतरवून ठेवल्या होत्या. त्यांत येशू होता आणि विठोबाही होता, आणि कुठे कुठे दोघं मिळून तिला दळू लागत होते. दादाने ती वही वाचली. म्हणाला, पणजोबांनी जे केलं ते आपण करायला नको का? आणि चुलीत घातली. मी चौदा वर्षांची होते, बोर्डिंगमधून सुट्टीला आले होते, दारात उभी होते. आईने त्याच विस्तवावर चहाचं आधण ठेवलं.

याला पंचेचाळीस वर्षं झाली. दादाशी मी बोलते, सणावारी जाते, त्याच्या बायपासच्या वेळी महिनाभर दवाखान्यात बाकड्यावर झोपले. पण वहीचा विषय आमच्यात एकदाही निघाला नाही. मला त्याचा राग आहे, आणि तेवढाच पणजोबांचाही आहे. त्यांनी तो उद्योग केला नसता तर याला कुठून सुचलं असतं?

नॉटिंगहॅम

माझी मुलगी स्नेहल तिथल्या सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. फ्लॅट दोन खोल्यांचा, स्वच्छ, आणि बाथरूममध्ये चक्क गालिचा. बेसिनला नळ दोन. एकातून चटका बसेल असं पाणी येतं, दुसऱ्यातून बोटं बधीर होतील असं. कोमट हवं असेल तर आपलं आपण ओंजळीत करून घ्यायचं. ज्यांनी निम्म्या जगावर राज्य केलं त्यांना दोन नळ एकत्र आणणं जमलं नाही, असं मी म्हटलं, तर स्नेहल म्हणाली, “आई, तू लॅण्डलॉर्डसमोर नको हं बोलूस.”

बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. सगळे म्हणतात, शाळेतली टारगट पोरंसुद्धा. दुसऱ्या आठवड्यापासून मीही म्हणू लागले. घरी परतल्यावर औरंगाबादच्या रिक्षावाल्याला सवयीने म्हटलं, तर त्याने मागच्या सीटवर काही राहिलंय का म्हणून वळून पाहिलं.

हॉस्पिटलातल्या चॅप्लेनबाईंनी, म्हणजे तिथल्या पाळकबाईंनी, स्नेहलला एक पत्रक दिलं, त्यातून हे सगळं सुरू झालं. ग्लासगोतल्या एका जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथालयात छोटं प्रदर्शन होतं. विषय होता, ख्रिस्ती धर्माची पहिली काही शतकं आणि त्यात जाळली गेलेली पुस्तकं. पत्रकाच्या तळाशी शेवटच्या कपाटाचा उल्लेख होता: हिंदुस्थानातल्या एका धर्मांतरित ज्योतिषाने जाळलेल्या ग्रंथाचा तुकडा. आणि पुढे आमच्या गावाचं नाव.

“आई, हे आपलंच गाव ना?” स्नेहल म्हणाली. “म्हणजे हे आपलेच पणजोबा.”

“माझे पणजोबा. तुझे खापरपणजोबा,” मी म्हटलं. तीस वर्षं इतिहास शिकवला की माणूस अशा वेळीसुद्धा दुरुस्तीच करतो.

दादाला फोन केला. मला वाटलं होतं आनंदाने उड्या मारेल. तो म्हणाला, “कशाला उगाच एवढ्या लांब जातेस? थंडी असेल तिकडे.” पण त्याच्या मुलाच्या कानावर गेलं, मुलाने चर्चच्या कमिटीला सांगितलं आणि दोन दिवसांत कमिटीचा निरोप आला. चर्चच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार होती. पहिल्या पानावर या जळक्या पोथीचा फोटो आणि समोर पाळकसाहेबांची प्रस्तावना, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. फोटो स्पष्ट यावा, अक्षरं दिसावीत, अशी खास सूचना होती.

मी हो म्हटलं. फोटोपेक्षा मला त्या पानासमोर एकदा उभं राहायचं होतं. आईची वही ज्याच्यामुळे गेली ते कसं दिसतं, हे मला बघायचं होतं. हे मी कमिटीला कळवलं नाही.

ग्लासगो

ग्लासगोत मी डॉक्टर गोखल्यांकडे उतरले. मूळचे पुण्याचे, भूल देणारे डॉक्टर, पूर्वी नॉटिंगहॅमला स्नेहलच्या वॉर्डात होते. त्यांची बायको वैशाली स्टेशनवर घ्यायला आली होती. पाऊस पडत होता. मी म्हटलं, पाऊस आहे. ती म्हणाली, “ताई, हा पाऊस नाही, हा नेहमीचा आहे.”

गुरुवार होता आणि डॉक्टरांचा गुरुवार असतो. त्यामुळे स्कॉटलंडमधलं माझं पहिलं जेवण म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर काकडीची कोशिंबीर. वैशालीने संकोचून विचारलं, तुमच्यासाठी वेगळं काही करू का? मी म्हटलं, आमच्याकडे उपवास नाही, पण खिचडीला कोणत्याही धर्माची बंदी नाही. दोनदा वाढून घेतली. देवघरात डॉक्टरांच्या गणपतीशेजारी स्मोक अलार्मची जादा बॅटरी ठेवलेली होती. उदबत्ती लावली की अलार्म वाजतो, म्हणून आधी बॅटरी काढायची, मग आरती करायची, मग बॅटरी परत घालायची, असा त्यांच्याकडे विधी आहे.

शुक्रवारी सकाळी पत्ता घेऊन निघाले आणि भलत्याच इमारतीत शिरले. बाहेरून अगदी चर्च. उंच मनोरा, रंगीत काचा, दारावर कोरलेला क्रूस. आत गेले तर भिंतींना माणसं लोंबकळत होती. कमरेला दोर, पायांत रबरी बूट. पूर्वी इथे उपासना व्हायची, आता लोक भिंती चढायला येतात. त्यातल्या एका लोंबकळणाऱ्या गृहस्थाने वरूनच मला ग्रंथालयाचा रस्ता सांगितला, फार अदबीने. आमच्या गावाला पाद्री पाठवणारे लोक याच बाकांवर बसून वर्गणी देत असतील, आणि आता बाकंच नाहीत, हे मनात आलं. मला वाईट वाटायला हवं होतं. तेवढं वाटलं नाही.

ग्रंथालय दोन गल्ल्या पलीकडे होतं. तिथे मॉरीन नावाच्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या, लोकरीचं जाकीट, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. त्यांनी आधी माझं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. मग पिशवी तपासली आणि चिवड्याचा डबा काढून घेतला. “यात शेंगदाणे आहेत का, हेन?” त्यांनी विचारलं. हेन म्हणजे कोंबडी. तिकडे बायकांना मायेने तसं म्हणतात, हे मला वैशालीने आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. आहेत म्हटलं. डबा कपाटात कुलूपबंद झाला.

प्रदर्शन बघायला मी एकटीच होते. मॉरीन म्हणाल्या, मंगळवारी दोघं आले होते, त्यातले एक पावसामुळे. म्हणून मग त्या स्वतःच मला एकेक कपाट दाखवत हिंडल्या.

पहिल्या कपाटात चौथ्या शतकाच्या सुरुवातीची हकिगत होती. रोमच्या बादशहाने हुकूम काढला, ख्रिस्ती लोकांची पुस्तकं जप्त करून जाळा. शिपाई घरोघर जाऊन झडत्या घेऊ लागले. हे मला पाठ होतं. आमच्या धड्यात हे होतं, पाच गुणांना यायचं.

“काही लोकांनी पुस्तकं दिली नाहीत आणि जीव दिला,” मॉरीन म्हणाल्या. “काहींनी मुकाट्याने दिली. आणि काही हुशार निघाले. दारात शिपाई आले की घरातलं दुसरंच काहीतरी हातात ठेवायचे. वैद्यकाची पुस्तकं वगैरे. शिपायांना कुठे वाचता येत होतं? त्यांना कामगिरी दाखवायची होती.”

“आणि मग?”

“मग छळ संपला आणि खरं भांडण पेटलं. ज्यांनी पुस्तकं देऊन टाकली त्यांना परत मंडळीत घ्यायचं की नाही. उत्तर आफ्रिकेत त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या डोकी फुटली.”

पुढच्या कपाटांत आमच्या धड्यात नसलेला भाग होता. सत्ता आपल्या लोकांच्या हाती आली आणि मग आपल्या लोकांनी काय केलं तो. देवळं फोडली, त्यांत ठेवलेले ग्रंथ गेले. ज्योतिषाची, मंत्रतंत्राची पुस्तकं चौकात जाळायला लावली. आपल्यातल्याच दुसऱ्या पंथांची शुभवर्तमानं खोटी ठरली आणि जवळ बाळगणं गुन्हा झाला. कोणीतरी आपली पुस्तकं मडक्यात घालून वाळवंटात पुरली, ती सोळाशे वर्षांनी सापडली. कुठे चामड्याच्या पानांवरचं जुनं लिखाण खरवडून वर प्रार्थना लिहिल्या होत्या. मॉरीननी एक फोटो दाखवला. ठळक अक्षरांत स्तोत्र आणि त्याच्या खाली आडवी, पुसट, कोणाची तरी गणितं.

“हे मी कधी शिकवलं नाही,” मी म्हटलं. “आमच्या पुस्तकात आपली पुस्तकं कोणी जाळली एवढंच होतं.”

“आमच्याही,” मॉरीन म्हणाल्या. “मी हे प्रदर्शन लावलं तर दोन पत्रं आली. एका गृहस्थांनी लिहिलंय की मी हे सगळं जाळून टाकावं.” आणि त्या पुढच्या कपाटाकडे गेल्या.

शेवटचं कपाट छोटं होतं. काचेखाली ते पान. लांबट, तपकिरी, उजवी बाजू जळलेली, तव्याला चिकटून करपलेल्या भाकरीच्या कडेसारखी. काळ्या शाईतली देवनागरी, रांगांमागून रांगा, मध्ये आकडे, उभ्या रेघा. शेजारच्या चिठ्ठीवर पाद्रीसाहेबाची हकिगत होती. ज्योतिषाने स्वतःच्या हाताने आपले पवित्र ग्रंथ आगीत टाकले आणि साहेबाने काठीने काही पानं बाहेर ओढली, मायदेशी वर्गणी देणाऱ्या मंडळींना दाखवायला. खाली तारीख घातली होती.

मी काय ठरवून गेले होते आणि काय झालं. मला त्या पानावर रागवायचं होतं. पण ते पान पणजोबांनी हातात धरलेलं, त्यांचा अंगठा कुठेतरी या डाव्या समासावर टेकलेला असणार, आणि आमच्या घरातली त्यांची दुसरी एकही वस्तू शिल्लक नाही. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. मॉरीननी कागदी रुमालांचा अख्खा डबाच आणून दिला. थोड्या वेळाने म्हणाल्या, “काय लिहिलंय यात? आमच्याकडे आजवर कोणाला वाचता आलेलं नाही.”

मी वाकून बघितलं. अक्षरं कळत होती, शब्द लागत नव्हते. एकेक दोन दोन अक्षरी तुकडे, मग आकडे, परत तुकडे. “संस्कृतातले मंत्र असावेत,” मी म्हटलं. मॉरीननी ते वहीत टिपून घेतलं. इतिहासाच्या बाईंनी असं बोलू नये, पण बोलले. मग फ्लॅश न वापरता आठ फोटो काढले, चिवड्याचा डबा परत घेतला आणि निघाले.

गोखल्यांच्या घरी

चहाच्या वेळेला डॉक्टर घरी आले. वैशालीने भाकरवडी काढली होती. डॉक्टरांनी माझा कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला आणि पान सगळ्या पडद्यावर पसरलं. मी त्यांना पणजोबांची गोष्ट सांगितली, बाप्तिस्मा, आग, इफिस, सगळी. डॉक्टर ऐकत होते आणि पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी हातातली भाकरवडी बशीत ठेवली.

“ताई, ही पोथी नाहीये.”

“मग?”

“हे पंचांग आहे. हे बघा, तिथी. हा वार, हे नक्षत्र. रो म्हणजे रोहिणी, मृ म्हणजे मृग. या घटका, ही पळं. आमचे आजोबा रोज सकाळी वाचायचे.” त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. “तुम्हाला नाही ओळखू आलं?”

“आमच्या घरात तीन पिढ्या पंचांगाला बंदी आहे,” मी म्हटलं. “ओळखणार कुठून?”

“वर शकही दिलाय,” असं म्हणून त्यांनी चित्र मोठं केलं. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इंग्रजी साल येतं. डॉक्टरांनी मनातल्या मनात मिळवले, मी कागदावर. दोघांचं उत्तर एकच आलं. मग मी मॉरीनकडच्या चिठ्ठीवरची तारीख काढून बघितली. पाद्रीसाहेबाच्या आगीच्या दिवशी ते पंचांग अकरा वर्षं जुनं होतं.

मग वैशाली म्हणाली, “अकरा वर्षांचं जुनं पंचांग कोण ठेवतं? आमच्याकडे वर्ष संपलं की नदीत सोडायचे.”

“किंवा बंबात घालायचे,” डॉक्टर म्हणाले.

मला हसू फुटलं ते आवरेना. पोटात दुखेपर्यंत हसले. धर्म बदलायच्या दिवशी आमच्या पणजोबांनी साहेबाला घरातली रद्दी जाळून दाखवली होती. साहेब नवा, त्याला पंचांग आणि पोथी यातलं काही कळत नव्हतं. पण गाव तर सगळं जमलं होतं. गावाला बघताक्षणी कळलं असणार. गाव गप्प राहिलं. आपल्या जोशाला अडचणीत आणायचं कोणाच्या मनात आलं नाही, आणि आम्ही दरवर्षी त्याचं नाटक करत होतो.

हसून झाल्यावर लगेच आठवण झाली ती दादाची. खोटं कशाला बोलू, वाईट वाटून नव्हे. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात काहीतरी आलं होतं. ज्या आगीचं नाव घेऊन त्याने आईची वही जाळली ती आग बंबातली होती, हे त्याला माझ्या तोंडाने सांगायला मिळणार होतं. मी दुसरी भाकरवडी घेतली.

वैशालीच्या ते लक्षात आलं असावं. “ताई, सांगायलाच हवं का त्यांना?” ती म्हणाली. “बायपास झालीये ना त्यांची?”

“फोटो पहिल्या पानावर छापणार आहेत,” मी म्हटलं. “अक्षरं स्पष्ट हवीत म्हणून सांगून ठेवलंय. पंचांग वाचता येणारे औरंगाबादेत शंभर भेटतील. समोर त्याचीच प्रस्तावना असणार. सगळ्यांनी हसण्यापेक्षा बहिणीने सांगितलेलं बरं.”

हे खरंच होतं. म्हणून तर बोलायला सोपं गेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, “रागात नका सांगू,” आणि बॅटरी काढून दिवा लावायला गेले.

शनिवारी निघण्याआधी मी मॉरीनना फोन केला आणि मंत्र नव्हेत, जुनं पंचांग आहे, असं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, “म्हणजे ते शेवटच्या कपाटात चुकीचं बसलंय. पहिल्यात ठेवायला हवं, शिपायांच्या हाती दिलेल्या त्या वैद्यकाच्या पुस्तकांशेजारी.” सोमवारी हलवते म्हणाल्या. बहुतेक हलवलं असेल.

परत नॉटिंगहॅम

स्नेहलचं म्हणणं सरळ होतं. “मामाला नको सांगू, आई. कमिटीला कळव की फोटो ब्लर आले. विषय संपला.” आठ फोटो आणि आठही लख्ख आले होते. मी म्हटलं, बघते.

रविवारी सकाळी दहा वाजता ती शिफ्टला गेली आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून फोन लावला. तिकडे दुपार झाली होती. दादा उपासनेहून येऊन जेवून आरामखुर्चीत बसलेला असतो. रागात सांगायचं नाही म्हणून वाक्यं कागदावर लिहून ठेवली होती.

तब्येत, हवा, गोळ्या वेळेवर घेतोस का, हे सगळं विचारून झालं. मग मी कागद बघून वाचलं. “दादा, पान पाहिलं. फोटोही काढले. पण ते पोथीचं पान नाही. पंचांगाचं आहे, आणि तेसुद्धा अकरा वर्षं जुनं. पणजोबांनी पोथ्या जाळल्याच नाहीत.”

मला वाटलं लाइन गेली.

“ऐकतोयस ना?”

“ऐकतोय,” दादा म्हणाला. “मला माहीत आहे.”

माझ्या कागदावर यानंतरचं वाक्य होतं, पण ते आता लागू पडत नव्हतं.

“सेमिनरीत निघालो त्या दिवशी बाबांनी सांगितलं,” तो म्हणाला. “म्हणाले, तू पाळक होणार, तुला खरं माहीत असावं. पोथ्या पणजोबांनी आधीच आपल्या मेहुण्याकडे पोचवल्या होत्या. पणजोबा बाप्तिस्म्यानंतरही बाजाराच्या दिवशी लांबच्या गावी जाऊन भविष्य सांगायचे. बाबा हसत हसत सांगत होते. मला नाही हसू आलं. तिथे तीन वर्षं रोज गुडघ्यांवर बसून मला तेच आठवायचं, की आपण सगळे एका रद्दीवर उभे आहोत.”

“आणि तरी तू दरवर्षी चर्चमध्ये सांगत आलास.”

“सांगत आलो.”

मग मी जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. माझा आवाज चढला होता, डॉक्टरांचं सांगणं राहिलं बाजूला. “मग आईची वही का जाळलीस? पणजोबांनी केलं म्हणून म्हणालास. त्यांनी तर केलंच नव्हतं, आणि तुला ते माहीत होतं.”

“त्यांनी केलं नव्हतं म्हणूनच,” दादा म्हणाला. “मला वाटलं, या घराने एकदा तरी देवाला काहीतरी खरं द्यायला पाहिजे. आणि घरात खरं म्हणावं असं तेवढंच होतं.”

बाहेर कोणीतरी कचऱ्याचा डबा ओढत नेत होतं. मला त्याचा राग यायचा होता आणि तो आला, अजूनही आहे. पण त्या राग आलेल्या जागेवर आता एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगाही बसला होता, घाबरलेला, आणि त्याला मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

मग दादा म्हणाला, “तुला त्यातली एखादी ओवी आठवते का गं?”

मी डोळे मिटून प्रयत्न केला. जात्याची घरघर आठवली, आईचा खुंट्यावरचा हात आठवला, आवाज वर कुठे जायचा आणि कुठे उतरायचा ते आठवलं.

“चाल आठवते,” मी म्हटलं.

“आणि शब्द?”

“नाही.”

“मलाही नाही,” दादा म्हणाला.